परदेशी स्वयंसेवक वैमानिकाचा माग स्क्वाड्रनच्या कागदांतून कसा काढायचा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनकडून लढलेल्या परदेशी वैमानिकाची माहिती शोधताना बहुतेक जण त्याच्या देशापासून सुरुवात करतात आणि तिथेच वाट चुकतात. योसेफ फ्रान्टिशेक चेक होता, पण 1940 साली तो लंडनजवळच्या नॉर्थोल्ट तळावरच्या 303 या पोलिश स्क्वाड्रनमध्ये (हवाई दलाच्या तुकडीत) होता. त्याला 310 किंवा 312 या चेक स्क्वाड्रनच्या कागदांत शोधलंत, तर हाती काही लागणार नाही. अमेरिकनांचंही तेच. 71, 121 आणि 133 ही अमेरिकन स्वयंसेवकांची ‘ईगल’ स्क्वाड्रन सगळ्यांना ठाऊक असतात. पण बिली फिस्क 601 मध्ये होता, आणि टोबिन, मामेडॉफ व किओ हे तिघेही 71 मध्ये जाण्याआधी 609 मध्ये होते. म्हणून देश बाजूला ठेवा आणि सेवा क्रमांक, स्क्वाड्रन, तारीख या तीन गोष्टी आधी पक्क्या करा.

सेवा क्रमांकाआधीचं अक्षर बघायला विसरू नका. ‘जे’ म्हणजे कॅनडाच्या हवाई दलातला अधिकारी, ‘आर’ म्हणजे तिथलाच अधिकारी नसलेला हवाई सैनिक, ‘पी’ बहुधा पोलिश अधिकारी. अनेक अमेरिकन कॅनडात भरती होऊन आले, त्यामुळे कागदावर ते कॅनडाचेच दिसतात. युद्धात मरण पावलेल्याचं मूळ गाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत पुष्कळदा सापडतं.

आता मुख्य काम. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘एअर 27’ या मालिकेत स्क्वाड्रनच्या कामगिरीच्या नोंदवह्या आहेत. त्यात दोन फॉर्म असतात. 540 मध्ये दिवसाचा गोषवारा असतो: हवामान, बदल्या, पाहुणे. खरा ऐवज 541 मध्ये असतो: विमानाचा प्रकार व क्रमांक, वैमानिक, कामगिरी, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, तपशील. सुरुवात 540 पासून करा, पण विसंबून राहा 541 वर.

नावापेक्षा विमानाचा माग धरणं सोपं जातं. इंग्रज कारकुनांना पोलिश आणि चेक आडनावं जड जात. एकच माणूस दोन पानांवर दोन स्पेलिंगांनी भेटतो. काही चेक वैमानिकांनी तर मायदेशातल्या कुटुंबाला त्रास होऊ नये म्हणून टोपणनाव घेतलं होतं. विमानाचा अनुक्रमांक मात्र एकमेव असतो. 8 ऑक्टोबर 1940 रोजी फ्रान्टिशेक ज्या हरिकेन या लढाऊ विमानात मरण पावला, त्याचा क्रमांक आर 4175. विमानाच्या अंगावरची ठळक अक्षरं वेगळी: 303 साठी ‘आरएफ’ आणि पुढे त्या विमानाचं एक अक्षर. विमान गेलं की तेच अक्षर नव्या विमानाला मिळे, म्हणून फोटोतल्या अक्षरांवरून वैमानिक ठरवू नका.

उतरण्याची वेळ कोरी दिसली की लगेच मृत्यू धरू नका. तो दुसऱ्या तळावर उतरला असेल किंवा पॅराशूटने वाचला असेल. त्या तारखेची ‘एअर 81’ मधली हानीची फाइल बघा, आणि झुंज झाली असेल तर ‘एअर 50’ मधला वैमानिकाचा अहवाल.

विमान पाडल्याचे दावे जर्मन नोंदींशी ताडताना घड्याळ आड येतं. 1940 च्या उन्हाळ्यात जर्मन वेळ ब्रिटिश वेळेच्या एक तास पुढे होती. 1941 च्या उन्हाळ्यात ब्रिटनने दुहेरी उन्हाळी वेळ लावल्यावर हा फरक मिटला. तरीही दावे आणि प्रत्यक्ष हानी यांचा मेळ क्वचितच बसतो. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे 1940 च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत, 303 च्या नावावर 126 विमानं लागली, प्रत्यक्षात पडली त्याहून कमी. याला खोटेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. एकाच विमानावर दोघा-तिघांनी गोळ्या झाडल्या की प्रत्येकाला ते आपलंच वाटतं. खाली जाताना दिसलेलं विमान ढगाआड सावरतंही.

ईगल स्क्वाड्रनमधला माणूस सप्टेंबर 1942 नंतर एकदम गायब झाला, तर घाबरू नका. 29 सप्टेंबरला ही तिन्ही स्क्वाड्रन अमेरिकी दलात गेली आणि इंग्लंडमधल्या डेब्डन तळावरच्या चौथ्या फायटर ग्रुपची 334, 335, 336 झाली. पुढचा शोध अमेरिकी कागदांतच घ्या. ‘एअर 27’ मध्ये 335 आणि 336 सापडतील, पण ती ग्रीक वैमानिकांची स्क्वाड्रन आहेत.