सेल्फ-सर्व्हिस क्लाउड पोर्टल उभारताना या चुका टाळा

ओपनस्टॅक हे क्लाउड चालवणारे सॉफ्टवेअर बसवले, होरायझन या त्याच्या वेब-पोर्टलचा डॅशबोर्ड उघडला, एक आभासी (व्हर्च्युअल) मशीन सुरू झाले, की पोर्टल तयार झाले असे बरेच जण धरून चालतात. खरी परीक्षा त्यानंतर असते. एक अख्खा वर्ग किंवा नवी टीम एकाच सकाळी लॉगिन करते आणि तासाभरात मदतीचे फोन सुरू होतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली. तिच्यातल्या पाच लक्षणांपैकी पहिलेच असे की, सेवा देणाऱ्या कोणाशीही न बोलता वापरकर्त्याला हवे ते स्वतः घेता यावे. आपले पोर्टल या कसोटीवर घासून पाहा. मशीन मिळवायला, त्यात शिरायला किंवा ते मोडायला तुम्हाला फोन करावा लागत असेल, तर उभारणी अजून पुरी झालेली नाही.

इथे ओपनस्टॅक आणि होरायझन धरून लिहिले आहे. दुसरी प्रणाली असेल तर नावे बदलतील, दुखणी बहुतेक हीच राहतील.

अ‍ॅडमिन खात्याने तपासून "चालतंय" म्हणणे

बाकीच्या बऱ्याच चुका या एका चुकीच्या पोटात लपतात. उभारणारा माणूस अ‍ॅडमिन म्हणून आणि सर्व्हरच्याच नेटवर्कमधून तपासतो. त्या खात्याला कोणी अडवत नाही, आणि त्या नेटवर्कवरून सगळे पोहोचते. वापरकर्त्याकडे यातले काहीच नसते.

मशीनचा कन्सोल (ब्राउझरमध्ये दिसणारा त्याचा स्क्रीन) हे याचे नेहमीचे उदाहरण. पोर्टल उघडते, मशीन चालू दिसते, पण कन्सोलच्या चौकटीत पांढरे पान किंवा "साइट सापडत नाही" असा संदेश येतो. नोव्हा या मशीन चालवणाऱ्या ओपनस्टॅकच्या भागाच्या सेटिंगमध्ये कन्सोलच्या प्रॉक्सीचा (मधल्या दुव्याचा) पत्ता लिहिलेला असतो आणि तो जसाच्या तसा वापरकर्त्याच्या ब्राउझरला दिला जातो. तिथे १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक) किंवा "कंट्रोलर" असे आतले नाव राहिले असेल, तर तुमच्या टेबलावर कन्सोल चालेल आणि वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला तो कधीच दिसणार नाही. बाहेरून पोहोचणारा पत्ता द्या आणि ६०८० हा पोर्ट तिथून उघडा आहे ना, ते पाहा. पोर्टल एचटीटीपीएसवर असेल तर कन्सोलही एचटीटीपीएसवरच हवा. नाहीतर सुरक्षित पानातली असुरक्षित चौकट ब्राउझर अडवतो आणि पान तसेच कोरे राहते.

म्हणून एक साधे खाते बनवा. त्याला एकाच प्रोजेक्टमध्ये फक्त "मेंबर" ही भूमिका द्या, मोबाइलच्या इंटरनेटवरून लॉगिन करा आणि मशीन बनवून, त्यात शिरून, डिस्क जोडून, सगळे मोडून पाहा. पोर्टल खुले करण्याआधी हे ज्याने केले नाही, त्याने तपासणी केलीच नाही, असे मी स्पष्ट म्हणेन.

मशीन चालू आहे, पण आत शिरता येत नाही

मदतीची सर्वाधिक तिकिटे, म्हणजे तक्रारी, याच्याच येतात. वापरकर्ता "एसएसएच होत नाही" (दुरून लॉगिन होत नाही) एवढेच सांगतो, त्यामुळे आधी स्क्रीनवर नेमके काय आले ते विचारा. उत्तर त्यातच असते.

"टाइमआउट" आले, तर निरोप मशीनपर्यंत पोहोचलाच नाही. ओपनस्टॅकमध्ये प्रत्येक प्रोजेक्टला जो डिफॉल्ट सिक्युरिटी ग्रुप (कोणती रहदारी आत-बाहेर सोडायची याचे नियम) मिळतो, तो बाहेर जाणारे सगळे सोडतो, पण आत फक्त त्याच ग्रुपमधल्या मशीनना येऊ देतो. म्हणजे नव्या मशीनला पिंगही लागत नाही आणि एसएसएचचा पोर्ट २२ देखील बंद असतो. ही रचना योग्यच आहे. चूक इतकीच की ती वापरकर्त्याला कोणी सांगत नाही. मग तो वैतागून ०.०.०.०/० ला, म्हणजे अख्ख्या इंटरनेटला, सगळे पोर्ट उघडून देतो, आणि साधा पासवर्ड ठेवलेले मशीन बघता बघता परक्याच्या ताब्यात जाते. प्रोजेक्ट तयार करतानाच त्यात एक जादा ग्रुप घालून ठेवा, ज्यात फक्त तुमच्या संस्थेच्या नेटवर्कमधून पोर्ट २२ उघडा असेल. टाइमआउटचे दुसरे कारण म्हणजे फ्लोटिंग आयपी, म्हणजे बाहेरून पोहोचता येणारा पत्ता, जोडलेलाच नसणे. वापरकर्ता १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या आतल्या पत्त्यावर घरून प्रयत्न करत बसतो.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" आले, तर निरोप पोहोचला, पण मशीनमधली एसएसएच सेवा अजून उठलेली नाही. दोन मिनिटे थांबायला सांगा.

"परमिशन डिनाइड" म्हणजे नेटवर्क ठीक आहे, अडचण किल्लीची (पासवर्डऐवजी वापरायच्या एसएसएच की-पेअरची) किंवा लॉगिनच्या नावाची आहे. उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये नाव "उबुंटू" असते, डेबियनमध्ये "डेबियन", रॉकीमध्ये "रॉकी". लोक सवयीने "रूट" टाकतात. हे नाव इमेजच्या वर्णनातच लिहून ठेवा. नाव बरोबर असूनही नकार येत असेल, तर होरायझनमध्ये त्या मशीनचा लॉग उघडा. सुरू होताना मशीनमधला क्लाउड-इनिट हा प्रोग्राम १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटा पत्त्याकडून किल्ली मागून घेतो. लॉगमध्ये त्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न दिसत असतील, तर किल्ली मशीनमध्ये पोहोचलेलीच नाही. दोष वापरकर्त्याचा नाही, तुमच्या न्यूट्रॉनच्या (नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाच्या) मेटाडेटा एजंटचा आहे.

आणखी एक प्रकार फसवा आहे. पिंग लागते, एसएसएच सुरू होते आणि मध्येच गोठते. किंवा लॉगिन होते, पण पॅकेज उतरवताना सगळे थांबते. हा एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ. मशीनचे नेटवर्क ज्या व्हीएक्सलॅनमधून जाते, त्याचे वेष्टन प्रत्येक पॅकेटला ५० बाइट वाढवते, त्यामुळे खालचे नेटवर्क १५०० चे असेल तर मशीनला १४५० च मिळायला हवेत. छोटी पॅकेट जातात, मोठी वाटेत हरवतात. मशीनमध्ये १४५० असूनही आतल्या डॉकर कंटेनरचे डाउनलोड अडत असेल, तर डॉकरच्या ब्रिजचा एमटीयू पाहा. तो आपणहून १५०० धरतो. अनेक विद्यार्थी यात दिवस घालवतात आणि शेवटी इंटरनेटलाच दोष देतात. ही ओळ मदतीच्या पानावर अगदी वर हवी.

कोटा जसा आला तसाच ठेवणे

नोव्हाचा डिफॉल्ट कोटा दर प्रोजेक्टला १० मशीन, २० कोर आणि ५१,२०० एमबी मेमरी असा आहे. डिस्क सांभाळणाऱ्या सिंडरचा १० व्हॉल्यूम (डिस्क) आणि १,००० जीबी. हे आकडे तुमचे सर्व्हर पाहून कोणी ठरवलेले नाहीत. शिवाय ते एकमेकांना धरूनही नाहीत. होरायझनमधून मशीन बनवताना "नवे व्हॉल्यूम तयार करा" हा पर्याय सहसा आधीच निवडलेला असतो. प्रत्येक मशीनने बूटसाठीच एक व्हॉल्यूम घेतले, की दहा मशीनमध्ये दहाही व्हॉल्यूम संपले. डेटासाठी वेगळी डिस्क मागितली की नकार, आणि समोर १,००० जीबींपैकी बरीच जागा शिल्लक दिसते. वापरकर्ता गोंधळतो ते साहजिक आहे. व्हॉल्यूमचा कोटा मशीनच्या निदान दुप्पट ठेवा.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या प्रोजेक्टच्या कोट्यांची बेरीज कधीच न करणे. सगळे एकाच वेळी सगळे वापरत नाहीत, हे धरून थोडे जास्त वाटणे रास्त आहे. सीपीयूमध्ये हे बऱ्यापैकी खपते. मेमरीत नाही, कारण मेमरी संपली की होस्ट, म्हणजे खरा सर्व्हर, त्यावरची चालू मशीन मारायला लागतो. नोव्हात खऱ्या कोरच्या किती पट कोर वाटायचे, हे सीपीयूचे प्रमाण पूर्वी आपोआप १६ पट धरले जाई, नव्या आवृत्त्यांत ते ४ वर आणले आहे. मेमरीचे प्रमाण मी १ वरच ठेवेन.

"नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड"

पोर्टलवरचा गोल आलेख निम्मा रिकामा आहे आणि तरीही मशीन वरच्या संदेशासह (योग्य होस्ट सापडला नाही) एररमध्ये जाते. तो आलेख कोटा दाखवतो, सर्व्हरवर जागा किती उरली ते नाही. चार होस्टवर प्रत्येकी १२ जीबी मोकळे असतील, तर बेरीज ४८ होते, पण १६ जीबीचे एकही मशीन कुठेच बसत नाही.

साध्या वापरकर्त्याला यातले काही दिसत नाही, तेव्हा शोध तुम्हालाच घ्यावा लागेल. मशीनसाठी होस्ट निवडणाऱ्या नोव्हा-शेड्युलरच्या लॉगमध्ये त्या विनंतीचा क्रमांक शोधा. मोकळ्या जागेचा हिशेब ठेवणाऱ्या प्लेसमेंटकडून एकही उमेदवार होस्ट आला नाही असे लिहिले असेल, तर जागा खरोखर नाही, किंवा एखाद्या मोडलेल्या मशीनचे आरक्षण तिथे अडकून राहिले आहे. उमेदवार आले आणि पुढे एखाद्या फिल्टरपाशी संख्या शून्यावर गेली, तर त्या फिल्टरचे नाव वाचा. बऱ्याचदा फ्लेवरला (मशीनच्या ठरलेल्या आकाराला) लावलेली एखादी अट कोणत्याच होस्टगटाशी जुळत नसते. फ्लेवर मोजकेच ठेवा, एकाच्या दुप्पट दुसरा असे, म्हणजे तुकडे कमी उरतात.

"अ‍ॅडमिन" ही भूमिका प्रोजेक्टपुरती असते असे समजणे

एखादे प्राध्यापक किंवा टीम लीड म्हणतात, "माझ्या प्रोजेक्टची माणसे मलाच सांभाळू द्या." मागणी योग्य आहे. मग त्यांना त्या प्रोजेक्टवर अ‍ॅडमिन भूमिका दिली जाते आणि त्यांच्या हाती अख्ख्या क्लाउडच्या चाव्या जातात. ओपनस्टॅकच्या बग नोंदींत २०१२ पासूनचा क्रमांक ९६८६९६ याच दोषाचा आहे. पॉलिसी बदलली नसेल, तर एका प्रोजेक्टवरचा अ‍ॅडमिन सगळीकडे अ‍ॅडमिन ठरू शकतो. कामासाठी "मेंबर", नुसते पाहण्यासाठी "रीडर" द्या. माणसे जोडण्या-काढण्याचे काम संस्थेच्या लॉगिन यंत्रणेतल्या गटांवर सोपवा.

की-पेअर माणसाच्या नावावर असते, प्रोजेक्टच्या नाही, हेही आधीच सांगून ठेवा. ज्याने मशीन बनवले तो सुट्टीवर गेला, की सहकाऱ्याला मशीन दिसते, पण आत जाता येत नाही. स्क्रिप्टमध्ये स्वतःचा पासवर्ड लिहिण्याऐवजी २०१८ च्या क्वीन्स आवृत्तीपासून आलेले अ‍ॅप्लिकेशन क्रेडेन्शियल वापरायला शिकवा. फक्त तेही माणसाला बांधलेले असते. त्याची प्रोजेक्टमधली भूमिका काढली की क्रेडेन्शियल रद्द होते आणि रात्रीचा बॅकअप गुपचूप बंद पडतो.

घ्यायची सोय आहे, परत करायची नाही

मशीन "बंद" केले म्हणजे जागा मोकळी झाली, असे वापरकर्त्याला वाटते. तसे होत नाही. बंद मशीनची मेमरी आणि कोर होस्टवर आरक्षितच राहतात. ती सोडायची तर मशीन "शेल्व्ह" करावे, म्हणजे होस्टवरून काढून बाजूला ठेवावे लागते. मशीन डिलीट केले तरी त्याचे व्हॉल्यूम मागे राहते, कारण होरायझनमध्ये "मशीनसोबत व्हॉल्यूमही काढा" हा पर्याय आपणहून निवडलेला नसतो. वर्षभरात स्टोरेज अशा बेवारस डिस्कनी भरते, आणि कोणती कोणाची हे सांगायला कोणी उरत नाही. जीनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत २०१३ पासून ओपनस्टॅक आहे. तिथे वैयक्तिक प्रोजेक्टमधल्या मशीनना मुदत असते, आणि वापरकर्त्याने ती स्वतः वाढवायची असते. आपल्याकडे सत्रावर चालणाऱ्या महाविद्यालयांना ही पद्धत तंतोतंत लागू पडते. मुदत संपण्याआधी ईमेल, मग शेल्व्ह, आणि पुरेशा काळाने डिलीट, हा क्रम पहिल्या दिवशीच जाहीर करा.

हा आयपी त्या दिवशी कोणाकडे होता?

मशीन मोडले की त्याचा फ्लोटिंग आयपी दुसऱ्याला मिळतो. दोन आठवड्यांनी त्या पत्त्यावरून हल्ला झाल्याची तक्रार येते आणि न्यूट्रॉनमध्ये फक्त आजचा मालक दिसतो. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवाव्या लागतात. म्हणून आयपी जोडल्याची आणि सोडल्याची प्रत्येक घटना वेळ, प्रोजेक्ट आणि वापरकर्ता यांसह क्लाउडबाहेरच्या लॉग सर्व्हरवर पाठवा. त्याच निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवण्याचीही अट आहे. ती फक्त कागदोपत्री पाळू नका. दोन कंट्रोलरची घड्याळे सरकली, की लॉगिन तपासणाऱ्या कीस्टोनने नुकतेच दिलेले टोकन (तात्पुरता परवाना) कधीकधी अवैध ठरते आणि वापरकर्ते कारण नसताना लॉगआउट होतात. अशी तक्रार आली तर पासवर्ड बदलायला सांगण्याआधी प्रत्येक कंट्रोलरवरची वेळ तपासा.