बोंबलाचं पोट आधी उघडा

बोंबील दिसायला गरीब. पण एकदा बोटाने त्याचा जबडा उघडून बघा. तोंड डोळ्यांच्या पार मागेपर्यंत फाटतं आणि आतल्या बाजूला वळलेले सुईसारखे दात बोटाला लागतात. हा पक्का शिकारी, आणि अधाशी. म्हणूनच त्याचं पोट आधी साफ करायचं.

माझं माहेर समुद्रकाठच्या सातपाटीचं, सासर नाशिकला सातपूरमध्ये. इथे बऱ्याच जणी बोंबलाचं डोकं उडवतात, पोट तसंच ठेवून धुतात. तसं करू नका. डोकं कल्ल्यांच्या मागून तिरकं कापा, कात्रीने पर काढा आणि पोटाच्या बाजूने खालच्या भोकापर्यंत चीर द्या. कोठा, म्हणजे जठराची पिशवी, अख्खा बाहेर येतो. तो फोडून बघाच. गुलाबीसर लगदा आणि त्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले तर तो जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी; ठिपके म्हणजे त्याचे डोळे. डोलीच्या, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात जवळा आणि बोंबील बरोबरच येतात. कधी अंबाड (तीही एक छोटी कोळंबीच) निघतो, कधी सोनेरी मांदेली. एकदा दुमडलेला बोटभर बोंबील निघाला. ‘बोंबलाने बोंबील खाल्ला’ हे लेकाने शाळेत आठवडाभर सांगितलं.

मासा मेला तरी पोटातला रस काम करत राहतो. पोट भरलेलं असेल तर तो आधी तिथूनच सडतो. सातपाटीला सकाळचा मासा दुपारी साफ केला तरी चालायचं. इथे तो बर्फात बसून कसारा घाट चढून आलेला असतो, म्हणून घरी आणल्या आणल्या विळीवर बसा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी दोन डझन बोंबील न चिरता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी पोटं फुटलेली, दुधालाही वास. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

घेतानाही पोट दाबून बघा. पचपचीत किंवा फाटलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा.

मग मधून उभे चिरून फडक्यात गुंडाळा, वर पाटा ठेवा. तासाभरात एवढं पाणी सुटतं की नवशिक्याला धक्का बसतो. त्यानंतरच हळद, तिखट, मीठ आणि रवा.

काढलेले कोठे कागदात बांधून घंटागाडीत टाका. गाडी येऊन गेली असेल तर मी पुडी डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवते. सासूबाईंना अजून माहीत नाही.