रात्रीचा प्रवास आणि लेकीची पाळी: या चुका टाळा

नाशिकहून नागपूरला जायचं म्हणजे बहुतेकांची रात्र गाडीतच जाते. विदर्भ एक्सप्रेस रात्री नाशिकरोडला येते आणि सकाळी नागपूरला पोचवते. द्वारका, मुंबई नाक्यावरून निघणाऱ्या स्लीपर बसचंही तसंच. सोबत अकरा-बारा वर्षांची लेक असेल, पाळी सुरू होऊन थोडेच महिने झाले असतील, तर आपण पॅडचं पाकीट बॅगेत टाकतो आणि तयारी झाली असं समजतो. पण गाडी कुठे थांबणार आणि मुलगी कोणाला सांगणार, हे ठरलेलंच नसतं. पुढची बरीच धांदल त्यातूनच होते.

‘तारीख अजून लांब आहे’

पहिली दोन-तीन वर्षं तारखेवर भरवसा ठेवू नका. या वयात दोन पाळ्यांमध्ये 21 ते 45 दिवसांचं अंतर पडू शकतं, आणि तेही दर वेळी वेगळं. त्यामुळे तारीख काहीही असो, रात्रीच्या प्रवासात तिचा पॅडचा पाऊच सोबत हवाच. अजून पाळी सुरू न झालेल्या पण त्या वयाला आलेल्या मुलीलाही तो द्या आणि कशासाठी आहे ते आधीच सांगून ठेवा. पहिली पाळी घरीच येईल असं कुठे आहे?

याच्या उलट चूक म्हणजे पाळी पुढे ढकलायची गोळी. वणीला जायचंय, त्र्यंबकला पूजा आहे, म्हणून मेडिकलमधून गोळी आणून मुलीला देणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. ही बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते, म्हणजे हार्मोनचं औषध. ती अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते. जिची तारीखच ठरलेली नाही, तिला ती कधी सुरू करणार? शिवाय यकृताचा त्रास किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर ती घातक ठरू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मुलीला तपासल्याशिवाय ही गोळी देऊच नका. देवदर्शनासाठी तर मुळीच नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅड डिकीत, मुलगी वरच्या बर्थवर

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सामान बसच्या डिकीत किंवा सीटखाली साखळीने बांधलेलं, आणि रात्री दोन वाजता पॅड हवं. पाऊच तिच्या स्वतःजवळ हवा, तोही गळ्यात अडकवता येईल असा. गाडीच्या टॉयलेटमध्ये खुंटी असेलच असं नाही आणि खाली सगळं ओलं असतं. आत चार साधी पॅड, दोन रात्रीची लांब पॅड, दोन निकर, एक काळी लेगिंग, पेपर सोप, जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि घट्ट बंद होणारी पिशवी ठेवा. पाण्याची छोटी बाटली वेगळी द्या, कारण पहाटेपर्यंत डब्यातलं पाणी संपलेलं असू शकतं. सुगंधी वाइप्स नकोत, नाजूक त्वचेची आग होते.

कपडेही सोपे हवेत. डंगरी किंवा जंपसूट घालून हलत्या गाडीत पॅड बदलून बघा, म्हणजे कळेल. घरीच एकदा उभ्याने, काहीही खाली न ठेवता पॅड बदलायचा सराव करून घ्या. तिकीट काढताना तिच्यासाठी खालचा बर्थ मागा.

गळती होऊ नये म्हणून एकावर एक दोन पॅड लावायला सांगतात. त्याचा उपयोग नाही. वरच्या पॅडच्या पाठीला प्लास्टिक असतं, रक्त खालच्यापर्यंत पोचतच नाही, कडेने बाहेर येतं. त्यापेक्षा लांब पॅड थोडं मागे सरकवून लावा, वरून घट्ट निकर आणि खाली गडद टॉवेल. टॅम्पॉन (आत घालायचा कापसाचा बोळा) वापरत असेल तर आठ तासांच्या वर ठेवायचा नाही. मेन्स्ट्रुअल कप (रक्त साठवणारा, आत बसवायचा कप) पहिल्यांदा वापरून बघायची जागा प्रवास नव्हे.

थांबा विचारला नाही

बसमध्ये चढतानाच क्लीनरला विचारा, पहिला थांबा कुठे आणि दुसरा किती वाजता. समृद्धी महामार्गावरून जाणारी बस वाटेत कुठेही ढाब्यावर वळत नाही, सोय असलेली ठिकाणं ठरलेली असतात. थांब्याच्या थोडं आधी मुलीला उठवा आणि टॉयलेटपर्यंत सोबत जा. मध्येच गरज पडली तर ‘मुलीला वॉशरूमला जायचंय’ एवढं पुरे, कारण सांगत बसू नका. रेल्वेत झोपण्याआधी एकदा आणि वर्धा यायच्या आधी एकदा बदलून घ्यायला सांगा. नागपूर जवळ आलं की दाराशी रांग लागते.

टॉयलेटला जावं लागू नये म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. त्याने डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. तेव्हा लक्ष ठेवून पाणी द्या.

वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका. रेल्वेच्या बायोटॉयलेटमध्ये टाकलं की ते तुंबतं आणि अख्ख्या डब्याची रात्र खराब होते. कचऱ्याचा डबा भरलेला असेल तर बंद पिशवीतून सोबत न्या.

‘काही झालं तर सांगेल ती’

नाही सांगत. विशेषतः बाबांसोबत किंवा शाळेच्या सहलीला असेल तर. म्हणून बाबांनीच आधी बोलावं: ‘पाऊच घेतलास ना? रात्री कधीही उठव मला.’ सहलीला कोणत्या मॅडम बसमध्ये असतील ते विचारून त्यांना कळवा, आणि कळवलंय हे मुलीलाही सांगा.

डाग पडलाच तर आवाज न चढवता तिच्या कमरेला ओढणी किंवा स्वेटर बांधा आणि लेगिंग बदलायला न्या. कपडा थंड पाण्यात धुवा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो.

पोट दुखत असेल तर शेकायची पिशवी उपयोगी. वेदनाशामक गोळी कोणती आणि किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा. ती रिकाम्या पोटी देऊ नका. सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, किंवा मुलीला चक्कर येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रेल्वेत 139 वर आणि रस्त्यावर 108 वर फोन करा.

उतरल्यावर मामाच्या घरी पोचणार असाल तर मामीलाही आदल्या दिवशी फोन करा. बाथरूममध्ये झाकणाचा डबा आहे का, मुलगी कुठे झोपणार, ते विचारून घ्या. आजी पाळीत बाजूला बसवत असतील तर तो विषय तुम्हीच आजींशी आधी काढा. रात्रभर जागून आलेल्या लेकीला दारातच तो ऐकावा लागू नये.