जवसाची चटणी विकायची, तर आधी माणसं ठरवा

बचत गटानं जवसाची चटणी पाकिटातून विकायचं ठरवलं की सगळ्यांचं लक्ष आधी मशीनकडे जातं. मशीन पंधरा दिवस उशिरा आली तरी चालेल, माणसं मात्र महिना-दीड महिना अगोदर ठरलेली हवीत.

त्यातही हंगाम बघा. आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या गावांत दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाया कापूस वेचायला जातात. वेच्याचे पैसे किलोमागे रोख मिळतात. ते सोडून चुलीपाशी कोण येईल, आणि का यावं? जवस निघतो फेब्रुवारी-मार्चात. म्हणून माल होळीनंतर काढायचा धरा आणि पहिली बैठक संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच घ्या, तिथं सगळ्या आपसूक जमतात.

दहा जणींच्या गटातून रोजच्या कामाला पाच-सहा जणी पुरतात. एकीला घेतलं म्हणून तिच्या जावेलाही घ्यायचं, असं करू नका. सगळ्यात आधी भाजणारी शोधा. मीठ-मिरचीचं माप कागदावर लिहिता येतं, जवस कधी उतरवायचा ते लिहिता येत नाही. दाणे तडतडतात, मग तडतड मंदावते, आणि तेवढ्यात कढई उतरवली नाही तर चटणी कडू होते. आमच्याकडे हे काम साठीच्या एका मावशींकडे आहे. त्यांना सही जेमतेम येते, पण कढईपाशी त्यांचाच शब्द चालतो. अशा मावशींच्या हाताखाली एखादी तरुण सून पहिल्या दिवसापासून लावा. मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या की काम अडायला नको.

पाकीट भरणारी बाई धीराची हवी. जवसात साधारण ४० टक्के तेल असतं, त्यामुळे तो लवकर खवट होतो. त्यात गरम कूट भरलं की आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. लसूणही नीट वाळवूनच घाला. आमच्या पहिल्या खेपेची तीस पाकिटं दुकानदारानं परत पाठवली होती, खवट वास येतो म्हणून. ती कोणी भरली, कधी भरली, कोणालाच सांगता येईना. बैठकीत एकमेकींकडे बोटं दाखवणं झालं आणि एक चांगली कामाची बाई गट सोडून गेली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. तेव्हापासून प्रत्येक घाण्याची नोंद वहीत होते: तारीख, बॅच क्रमांक, कोणी भाजलं, कोणी भरलं. आणि ‘हा माल जाणार नाही’ म्हणायचा अधिकार एकीलाच, ठराव करून दिला आहे. ती अध्यक्ष नसावी, कारण अध्यक्षांना ऑर्डर पुरी करायची घाई असते.

कागदांसाठी गावातली शिकलेली पोरगी घ्या. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी क्रमांक, शाकाहारीचा हिरवा ठिपका, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, घटक, पत्ता, हे सगळं लेबल छापायला टाकण्याआधी तिनं आणि आणखी एकीनं मोठ्यानं वाचून बघावं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत २०२० पासून गटातल्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची, म्हणजे धंद्याच्या सुरुवातीच्या पैशांची, तरतूद ठेवली गेली. सध्याची स्थिती तालुक्याच्या कृषी कार्यालयात तिलाच विचारायला सांगा. हिशेब आणि रोकड मात्र वेगवेगळ्या हातांत ठेवा.

विकणारीची निवड घरात बसून करू नका. दोन-तीन जणींना आठवडी बाजारात आळीपाळीनं बसवा. जी गिऱ्हाइकाच्या हातावर चिमूटभर चटणी ठेवते आणि त्याचं तोंड बघत थांबते, तीच तुमची विकणारी. मजुरी भरलेल्या पाकिटामागे की दिवसाची, हेही पहिलं पाकीट विकण्याआधी सगळ्यांसमोर ठरलं पाहिजे.

आणि चक्कीवाल्या भाऊंना आदल्या संध्याकाळी फोन करा. वीज कधी जाते ते त्यांना ठाऊक असतं, आणि आपल्या जवसाआधी कोणाची हळद दळली जाणार असेल तर तेही कळतं.