जमिनीवर बसायचं, आणि उठायचंही

आमच्या देवळात सप्ताहाच्या कीर्तनाला सतरंजीच्या मागे, भिंतीलगत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची ओळ असते. माझ्या लहानपणी ती नव्हती. मग दोन-चार खुर्च्या आल्या, ऐंशीच्या पुढच्या आजोबांसाठी. आता दोन ओळी लागतात आणि पन्नाशीतली माणसं लवकर येऊन त्या धरतात. मीही तीन वर्षं तिथेच बसलो. गुडघा फार दुखत होता असं नाही. खाली बसलो तर चारचौघांत उठता येईल का, याची धास्ती होती.

खाली बसणं बहुतेकांना जमतं, अडतं ते उठताना. म्हणून ‘जमिनीवर बसणं आरोग्याला चांगलं’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. तास-दोन तास मांडी ठोकून बसण्यात काही विशेष पुण्य नाही. उलट, वर्षानुवर्षं रोज कित्येक तास उकिडवं किंवा गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळते. फायदा आहे तो खाली जाण्यात आणि वर येण्यात. तेवढ्या एका हालचालीत खुबा, गुडघा, घोटा हे तिन्ही सांधे खोलवर वाकतात, मांड्या अख्ख्या शरीराचं वजन उचलतात आणि तोलही सांभाळावा लागतो. आमची आजी दिवसातून वीसेक वेळा हे करायची. चुलीपुढे, विळीवर, देवापुढे, पंगतीत. आपण ओटा, डायनिंग टेबल, कमोड आणि सोफा आणून तो आकडा शून्यावर नेला. (ओट्याला मी नावं ठेवत नाही. आजीची कंबर त्या चुलीपुढेच गेली.)

ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसून उठायला लावलं. बसण्याचे ५ गुण आणि उठण्याचे ५. हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी १ गुण वजा, तोल डळमळला की अर्धा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पुढच्या सहाएक वर्षांत कमी गुणवाल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण चांगल्या गुणवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. खाली बसल्याने आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही. पायातली ताकद, सांध्यांची मोकळीक आणि तोल यांचा एकत्र हिशेब त्या एका उठण्यात दिसतो, इतकंच. आणि कृपा करून ही परीक्षा आज संध्याकाळी घरी एकट्याने देऊ नका. आधी पुढचं वाचा.

डॉक्टरांना एक प्रश्न

‘गुडघ्यातला गॅप कमी झालाय, खाली बसू नका’ हे वाक्य घरोघरी आहे. ते ऐकून माणूस जन्मभर खाली बसत नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा: “हे कायमचं, की दुखणं उतरेपर्यंत?” पुष्कळदा उत्तर दुसरं असतं. झीज फार असेल, गुडघा वाकडा होऊ लागला असेल, तर पहिलंही असू शकतं आणि ते ऐकायचं. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला, सुटला, पुन्हा पडला की ती स्पंजासारखी सांध्यातलं वंगण शोषून घेते आणि त्यावर जगते. त्यामुळे सांधा अजिबात न हलवणं हा काही त्याला जपण्याचा मार्ग नव्हे.

खुब्याचा सांधा बदललेला असेल, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट ‘हो’ म्हटल्याशिवाय मांडी घालायची नाही. काही शस्त्रक्रियांनंतर तो सांधा निखळू शकतो. गुडघा बदललेल्यांनीही विचारून घ्यावं. मणक्याची हाडं ठिसूळ झालेल्यांनी, वारंवार चक्कर येणाऱ्यांनी आणि ज्यांचा गुडघा सध्या सुजलेला, गरम आहे त्यांनी इथेच थांबून आधी दाखवून यावं.

सुरुवात खुर्चीपासून

जमिनीवरून उठायची ताकद खुर्चीवर कमवायची असते. बिनहातांची, सुमारे १७ इंच उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घ्या आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. मोजायला आणि लक्ष ठेवायला कुणाला तरी शेजारी उभं करा. अमेरिकेत ज्येष्ठांची पडण्याची जोखीम तपासायला हीच चाचणी वापरतात. तिथल्या कोष्टकाप्रमाणे ६० ते ६४ वयात पुरुषाला १४ आणि बाईला १२ पेक्षा कमी जमलं, तर ते सरासरीच्या खाली. ७० ते ७४ मध्ये हेच आकडे १२ आणि १०. आकडे तिथल्या लोकांचे आहेत, तेव्हा एक-दोनने हुकलात तर मनाला लावून घेऊ नका.

कमी पडलात तर जमिनीचा विचार दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा. सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा खुर्चीवरून उठा-बसा. उठताना श्वास सोडा. बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश टेका. आपण बहुतेक जण शेवटच्या वीतभर अंतरात अंग सोडून धप्पकन बसतो. मांडीची ताकद नेमकी तिथे तयार होते आणि आपण तेवढंच टाळतो.

उंची हळूहळू उतरवा

एकदम फरशीवर जायचं कारण नाही. खुर्चीवरून दिवाण, दिवाणावरून बुटकं स्टूल, मग भक्कम चौरंग, मग पाटावर घोंगडीच्या दोन घड्या, आणि शेवटी सतरंजी. एका उंचीवरून हात न टेकता सहज उठता येऊ लागलं की पुढची. मला दिवाणापासून सतरंजीपर्यंत यायला साडेतीन महिने लागले. त्यातला दीड महिना चौरंगाने खाल्ला.

मांडी घातली की गुडघ्यांकडे बघा. ते खुब्यापेक्षा वर राहत असतील, तर बैठक बुटकी आहे. अशा वेळी कंबर मागे गोल होते, पाठ भरून येते, आणि आखडलेल्या खुब्याचा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा वाकायला केला आहे, पिळायला नाही. बैठकीखाली घडी वाढवा, गुडघे खुब्याच्या पातळीला किंवा खाली येईपर्यंत. पुण्यात १९७५ साली संस्था उभारणारे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार घडी घातलेली ब्लँकेट, लाकडी ठोकळे, पट्टे यांचा आधार घेऊन आसनं शिकवत. साध्या सुखासनालाही बैठकीखाली घडी. आपला पाट थोड्याफार प्रमाणात तेच करतो. इंच-दीड इंच का होईना, बैठक पायांपेक्षा वर येते. फोमची उशी मात्र नको, ती दबून जाते. घोंगडी किंवा जाड सतरंजीची घट्ट घडी घ्या आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा.

खाली जायची आणि वर यायची रीत

इथे घाई करू नका. बहुतेक जण मांडी घातलेल्या जागेवरूनच उठायला बघतात: एक हात स्वतःच्या गुडघ्यावर आणि दुसरा कुणाच्या तरी हातात. ओढणाऱ्याचा जोर म्हाताऱ्या खांद्यावर येतो, आणि दोघेही पडू शकतात. फिजिओथेरपिस्ट पडलेल्या माणसाला उठायला शिकवतात ती रीत वेगळी आहे. तीच रोजची करून टाका.

समोर दिवाण, पलंग किंवा भिंतीला टेकवलेली लाकडी खुर्ची हवी. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती भार पडला की कलंडते. पायात मोजे नकोत. टाइल्सवर सतरंजी सरकते, म्हणून खाली योगाची मॅट. पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी जवळ असू द्या.

खाली जाताना:

१. आधाराकडे तोंड करून उभे राहा, दोन्ही तळवे त्या आधारावर ठेवा.

२. दुखरा किंवा कमजोर पाय मागे न्या आणि त्याचा गुडघा जाड घडीवर हळूच टेकवा. भार पुढच्या, चांगल्या पायावर.

३. दुसरा गुडघाही टेकवा. मग हात जमिनीवर आणा, बाळ रांगतं तसे व्हा.

४. एका कुल्ल्यावर कलून बसा आणि पाय पुढे घ्या.

वर येताना हेच उलटं. मांडी सोडा. पाय एका बाजूला घ्या, त्या अंगाच्या विरुद्ध बाजूला दोन्ही हात टेका आणि रांगण्याच्या स्थितीत या. रांगत आधारापर्यंत जा. यात लाज कसली, आपलंच घर आहे. हात आधारावर ठेवून गुडघ्यांवर उभे राहा. आता चांगल्या पायाचं पाऊल पुढे, पूर्ण तळवा जमिनीवर. डोकं आणि छाती पुढे झुकवा. हा झुकाव सगळ्यात महत्त्वाचा. माणसं पडण्याच्या भीतीने मागे रेलून उठायला जातात आणि म्हणूनच उठत नाहीत. वजन पावलावर आलं की हात आणि पाय दोन्हींनी दाब द्या, श्वास सोडत वर या. लगेच चालू लागू नका. आधार धरून दहा आकडे मोजा, विशेषतः रक्तदाबाची गोळी चालू असेल तर. उठल्यावर दाब क्षणभर उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

पायाला मुंग्या आल्या असतील तर उठायचंच नाही. पाय लांब करा, घोटा वर-खाली हलवा, पूर्ण जाणीव आली की मग. बधिर पावलाला जमीन कळत नाही आणि घोटा मुरगळतो. मी एकदा पाहुण्यांसमोर असाच आदळलो.

दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन-तीन फेऱ्या, एवढ्याने सुरुवात पुरे. हाताचा दाब महिन्या-दोन महिन्यांनी आपोआप कमी होत जातो.

एकाच बैठकीत अडकू नका

दर दहा मिनिटांनी बैठक मोडा. मांडी, मग पाय लांब, मग एक गुडघा उभा. हा शेवटचा प्रकार विळीवर बसणाऱ्या बायकांचा: एक पाय आडवा, एक उभा, खुबे दोन वेगळ्या दिशांना. तासभर तसंच बसून डोंगरभर मेथी निवडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि उठताना त्यांचा “आई गं” सुद्धा ऐकला आहे. तेव्हा विळीची बैठक घ्या, विळीचा तास घेऊ नका. मांडीत आपला ठरावीक एकच पाय नेहमी वर असतो. मुद्दाम दुसरा वर घ्या. सुरुवातीला परक्याच्या पायांवर बसल्यासारखं वाटेल. वज्रासन करायचं तर पोटऱ्या आणि बैठक यांच्यामध्ये जाड उशी घालून, आणि गुडघ्यात टोचलं तर सोडून द्यायचं.

मांडीला बाहेरून ताण, खुब्याजवळ ओढ, हे चालतं. गुडघ्याच्या आत कळ, टोचणं, सांधा अडकल्यासारखा वाटणं किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकणारी सूज नाही चालत. तसं झालं तर एक उंची वर जा, दोन-तीन दिवस थांबा. तरी उतरलं नाही तर दाखवा.

उकिडवं बसताना टाचा उचलल्या जात असतील, तर पोटऱ्या आखडल्या आहेत. भिंतीला हात लावून, एक पाय मागे, टाच दाबून अर्धा मिनिट. दोन्ही पायांना, रोज. खुब्यांसाठी पाठीवर निजून एकेक गुडघा छातीशी घ्यायचा, तोही जेवढा येईल तेवढाच.

कामात बसवा

व्यायाम म्हणून हे टिकत नाही, माझं तरी टिकलं नाही. टिकलं ते कामाला बांधल्यावर. सकाळचा पेपर सतरंजीवर, दुपारी कपड्यांच्या घड्या खाली बसून, संध्याकाळी निरांजनाच्या वाती वळायला पुन्हा खाली. तीन कामं, तीन वेळा खाली, तीन वेळा वर. टीव्ही मात्र खुर्चीवरच बघा. दोन तासांची मालिका मांडी घालून बघण्यात उठणं एकच होतं.

घरच्यांनाही ही रीत दाखवून ठेवा. तुम्ही कधी पडलात, तर त्यांनी काखेत हात घालून उचलायचं नाही. आधी कुठे लागलंय ते विचारायचं, खुबा किंवा पाठ दुखत असेल तर हलवायचं नाही, आणि काही नसेल तर जड खुर्ची तुमच्याजवळ आणून द्यायची. बाकीचं तुमचं तुम्ही.

बाहेर पंगतीला, भजनाला किंवा सत्यनारायणाला जाल तेव्हा शालीची घट्ट घडी सोबत न्या आणि ओळीच्या टोकाला बसा, मधोमध नाही. यंदा सप्ताहात मी सतरंजीवर बसलो. जागा सभामंडपातल्या तिसऱ्या खांबाजवळची, आधी जाऊन हेरून ठेवलेली. उठताना खांब धरला.