गोड वाईन कशी प्यायची, आणि गुलाबजाम लांब का ठेवायचा

डेझर्ट वाईन म्हणजे गोडाच्या पदार्थाबरोबर घ्यायची वाईन, एवढंच सांगून मोकळं होणाऱ्यांनी एकदा गुलाबजाम खावा आणि पाक तोंडात असतानाच वर सॉतर्न या फ्रान्सच्या गोड वाईनचा घोट घ्यावा. एवढी महागाची वाईन आंबट, पातळ आणि दारूचा भपका मारणारी लागेल. बाटलीचा काही दोष नाही, पाकापुढं तिची साखर जिभेला जाणवतच नाही. तरी दरवर्षी दिवाळी आली की कुणीतरी परत तेच सांगतं, गुलाबजाम, जिलेबी, बासुंदी आणि सोबत डेझर्ट वाईन.

आणि आपल्या कोल्हापुरात अजून एक अडचण आहे, बहुतेकांची गोड वाईनशी पहिली ओळख गोव्याहून परत येताना आणलेल्या स्वस्तातल्या पोर्टनं होते, घशाला चिकटणारी, दोन घोटांत नको होणारी, मग "गोड वाईन बायकांची" म्हणून गडी परत व्हिस्कीकडं. मी बाईच आहे आणि मी गोड वाईन आवडीनं पिते, पण ही बायकांची आणि नवशिक्यांची असल्या बोलण्याचा मला मनापासून राग येतो, कारण करायला इतक्या अवघड वाईन जगात फार थोड्या आहेत.

वय, परवाना, ग्लास स्वच्छ असणं, हे सगळं गृहीत धरते.

१. बाटली

सुरुवात नाशिकच्या लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या, शेनिन ब्लाँनं करा. सुला कंपनीची मिळते, अजूनही एकदोघांची मिळते. अशा वाईन बहुधा ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटलीत येतात आणि चार-पाच जणांना तेवढी पुरते. शेनिन का, तर या द्राक्षात आंबटपणा चांगला टिकतो, फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात यापासून गोड वाईन कितीतरी पिढ्या करतात. आपल्याकडच्या दुकानात वाईनचा कप्पा लहान असतो आणि बऱ्याचदा दाराजवळ, उन्हाच्या तोंडावर, तिथली बाटली एप्रिल-मेमध्ये अजिबात घेऊ नका, आतली काढून द्या म्हणा. सोनेरी रंग चालेल, ताज्या वर्षाची असून तपकिरी दिसत असेल तर परत ठेवा.

दुसरी बाटली टॉनी पोर्टची, म्हणजे लाकडी पिपात मुरवलेल्या पोर्टची, लेबलवर १० वर्षं लिहिलेली आणि पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. सॉतर्न आणि हंगेरीची टोकाई या दोन्ही कुणी मुंबईहून किंवा परदेशातून येणार असेल तेव्हा सांगून ठेवायच्या.

२. गोडवा कुठून येतो

हे वाचून घ्या, नाहीतर लेबल कळणार नाही. द्राक्षातल्या साखरेची यीस्ट दारू करतं, सगळी साखर संपली की वाईन कोरडी, म्हणजे बिनगोडाची, होते, म्हणजे गोड वाईन करायची तर एकतर साखर इतकी जास्त पाहिजे की यीस्ट थकेल, नाहीतर मध्येच त्याला थांबवायला पाहिजे. पोर्टमध्ये आंबवण चालू असतानाच ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, साखर राहते, म्हणून पोर्ट १९ ते २२ टक्क्यांची असते आणि ती वाईनच्या मापानं प्यायची नसते. लेट हार्वेस्टमध्ये द्राक्ष वेलीवर जास्त दिवस ठेवतात. जर्मनी-कॅनडाच्या आईसवाईनसाठी वेलीवरच गोठलेली द्राक्षं तोडतात, जर्मनीत उणे ७ अंशाला आणि कॅनडात उणे ८ ला, बर्फ मागं राहतो आणि घट्ट रस तेवढा निघतो. स्पेनमधली पेद्रो हिमेनेझ ही तर वाळवलेल्या द्राक्षांची, तासगावच्या बेदाणा शेडची आठवण यावी अशी, फक्त आपल्याकडं शेडच्या सावलीत वाळवतात आणि तिथं उघड्या उन्हात.

आणि सॉतर्न. आपल्या सांगली-तासगावच्या बागायतदाराला सांगा की द्राक्षावर मुद्दाम बुरशी येऊ देतात, त्याला खरं वाटणार नाही, भुरी-डावणी या रोगांच्या मागं तो फवारा घेऊन रात्रंदिवस असतो. पण फ्रान्समध्ये बोर्दोजवळ सिरोन नावाची थंड छोटी नदी गरोन नदीला मिळते, शरदात सकाळी तिथं धुकं दाटतं, दुपारी ऊन पडतं, आणि या ओल-कोरड्याच्या फेऱ्यात बोट्रायटिस ही बुरशी द्राक्षाच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा दोन्ही घट्ट होतात. ऊन पडलंच नाही तर तीच बुरशी घड कुजवते. तयार झालेले मणी निवडून काढायला मजूर एकाच बागेत पुन्हा पुन्हा फिरतात. शातो दिकेम या तिथल्या नामांकित वाईन-घराण्यात तर एका वेलीमागं जेमतेम एक ग्लास वाईन होते असं धरतात, बोर्दोच्या वाईनच्या १८५५ च्या प्रतवारीत या एकट्या घराण्याला बाकी सगळ्या सॉतर्नच्या वरचा वर्ग दिला होता. किंमत ऐकून डोळे पांढरे होतात ते यामुळं.

३. गूळपाण्याचा प्रयोग

हे टाळू नका, पुढचं सगळं यावर आहे. दोन ग्लासांत प्रत्येकी २०० मिली पाणी, प्रत्येकात २५ ग्रॅम गूळ, आपला कोल्हापुरी, पूर्ण विरघळवा. एकात अर्धं लिंबू पिळा. आधी बिनलिंबाचं प्या, मग लिंबाचं. गूळ दोन्हीत तेवढाच आहे, पण पहिलं तीन घोटांत नको होतं आणि दुसरं पुरा ग्लास जातो. आता टोकाईच्या लेबलवर "असू" (बुरशी लागलेल्या द्राक्षांची गोड टोकाई) लिहायचं तर लिटरला किमान १२० ग्रॅम साखर असावी लागते, म्हणजे साधारण या ग्लासाएवढीच, पण फुरमिंट द्राक्षाचा आंबटपणा इतका धारदार असतो की ती जड वाटत नाही. स्वस्त पोर्ट चिकट का लागते ते इथं कळतं, साखर आहे पण तिला धरून ठेवणारं आंबट काही नाही.

४. गार करा

शेनिन, सॉतर्न, टोकाई ८ ते १० अंश, टॉनी १२-१४. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा. बर्फ घालायचा नाही.

५. घोट

ग्लास नेहमीचा वाईनचा घ्या, लिकरचा इवलासा नको, त्यात वास कोंडतो. ६० मिली ओता. पहिला घोट सोडून द्या, त्यात जीभ फक्त गोड गोड म्हणते. दुसरा घोट तोंडात फिरवा, गिळा आणि मग लक्ष द्या, जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतंय का? सुटलं तर वाईन चांगली. घशात चिकट राहिलं आणि पाणी प्यावंसं वाटलं तर ती नुसती गोड आहे. जर्दाळू, मध, केशर, संत्र्याची साल हे वास नंतर शोधा, सापडले नाहीत तरी काही बिघडत नाही.

शुगर असेल तर डॉक्टरांना विचारूनच, १२० ग्रॅमवाल्या वाईनच्या ६० मिलीत सात ग्रॅमच्या वर साखर जाते.

६. सोबत काय

इथं मी सगळ्यात जास्त अडखळले, कारण पुस्तकी नियम एका ओळीचा आहे, वाईन पदार्थापेक्षा गोड पाहिजे, आणि तो खरा पण आहे, पण तो लिहिणाऱ्यांसमोर बदामाचा टार्ट आणि फळांचा केक होता, आपल्यासमोर पाकातली जिलेबी आहे. आपल्या मिठाईपेक्षा गोड वाईन जवळजवळ नाहीच. गोड खाल्ल्यावर जीभ साखरेला सरावते, मग वाईनमधली साखर तिला दिसत नाही, उरतो तो आंबटपणा आणि दारू. म्हणून गुलाबजाम, जिलेबी, बासुंदी, श्रीखंड, पुरणपोळी, सगळं बाद. हापूस पण बाद, तो इतका गोड आणि इतका सुवासिक असतो की समोर काहीच उभं राहत नाही, आंबा आंब्यासारखा खा आणि वाईन दुसऱ्या दिवशी उघडा. वेलची-केशर जास्त घातलेलं काहीही नको, नाकात वेलचीच राहते.

मग काय? खारट. मिठानं वाईनचा आंबटपणा मऊ होतो आणि फळाचा स्वाद पुढं येतो. फ्रान्समध्ये सॉतर्नबरोबर रोकफोर, इंग्लंडमध्ये पोर्टबरोबर स्टिल्टन, दोन्ही निळ्या बुरशीचे खारट चीज, हे उगाच नाही. चीज मिळालं तर जरूर घ्या, पण माझी पहिली पसंती आजरा-चंदगडच्या काजूला आहे, थोड्या तुपावर मंद भाजून वर मीठ, बास. काजूचा तुपकटपणा, मीठ आणि गार लेट हार्वेस्ट, आपल्या जिल्ह्यात बसून याच्यापेक्षा चांगली जोडी मला अजून सापडलेली नाही. मसाला काजू नको. भडंगही नको, लसूण आणि तिखट वाईनला पार मारून टाकतात.

गोडच पाहिजे असेल तर ते आंबटगोड पाहिजे. नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी आणा, प्रसादाची नाही, दुकानातून वेगळी विकत घेतलेली, आणि नखाएवढा तुकडा लेट हार्वेस्टबरोबर खाऊन बघा. कवठाचा आंबट तुरटपणा साखरेला आवरतो म्हणून ही एक बर्फी चालते, पेढा चालत नाही. फेब्रुवारीतली महाबळेश्वरची जरा आंबट स्ट्रॉबेरी चालते. टॉनी पोर्टबरोबर भाजलेले अक्रोड. पेद्रो हिमेनेझ मात्र वेगळीच, तिच्यात लिटरला ३०० ग्रॅमच्या पुढं साखर असू शकते, काळी आणि काकवीसारखी दाट, ती प्यायच्या ऐवजी साध्या व्हॅनिला आईस्क्रीमवर दोन चमचे ओता, तिथं वाईनच जास्त गोड ठरते म्हणून जमतं.

आता तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं. जेवणानंतर लगेच गोड वाईन, ही पद्धत युरोपातल्या जेवणाची आहे, कोल्हापुरी मटणाच्या ताटानंतर ती जशीच्या तशी लावू नका. तिखटानं जीभ भाजलेली असते आणि दारू ती आग वाढवते, पोर्टसारखी २० टक्क्यांची असेल तर फारच, साखरेनं पहिले दोन सेकंद बरं वाटतं आणि मग घसा पेटतो. पाहुण्यांना चांगली बाटली द्यायची असेल तर तांबड्या रश्श्याच्या दिवशी देऊच नका, वाया जाते आणि मला ते बघवत नाही. द्यायचीच असेल तर दहीभातानं जेवण संपवा आणि तासभर गप्पा मारा. तिखटाबरोबरच गोड काहीतरी प्यायचं असेल तर इटलीची मोस्कातो दास्ती, साडेपाच टक्क्यांच्या आसपासची, थोडी फसफसणारी, चांगली गार करून, एवढी एकच मी चालवून घेते.

माझ्या घरी आता गोड वाईन जेवणाला जोडतच नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला, पोट रिकामं नको पण जीभ ताजी पाहिजे, समोर काजू आणि प्रत्येकी ६० मिली. बोर्दोकडं सॉतर्न जेवणाआधीही घेतात, त्यामुळं यात कुणाचा नियम मोडत नाही.

७. उरलेली

बूच लावून फ्रिजमध्ये उभी. लेट हार्वेस्ट आणि सॉतर्न आठवडाभर बऱ्या राहतात, टॉनी काही आठवडे, पेद्रो हिमेनेझ महिनाभर तरी. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची आणि बाटलीत मुरलेली, उघडली तर एक-दोन दिवसांतच संपवायची, म्हणून ती माणसं जमतील तेव्हाच उघडा.