‘ओळखलंत का मला?’ डिमेन्शिया असलेल्या माणसाच्या घरात या चुका टाळा

घरी पाहुणा येतो, आईसमोर वाकतो आणि मोठ्याने विचारतो, “काकू, ओळखलंत का मला?” आई त्याच्याकडे बघत राहते, मग माझ्याकडे बघते. अशी परीक्षा आम्हीही वर्षभर घेत होतो. आज वार कोणता, नाश्त्याला काय खाल्लंस, हा फोटो कोणाचा? वाटायचं, विचारत राहिलं की आठवण टिकेल. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, नव्या गोष्टी साठवणारा मेंदूचा भाग बहुधा आधी बिघडतो, त्यामुळे सकाळचे पोहे तिथवर पोचलेलेच नसतात. प्रसंग विसरला जातो, पण उत्तर न आल्याची लाज बराच वेळ मागे राहते. पाहुण्याला दारातच सांगून ठेवा, स्वतःहून ओळख द्या: “काकू, मी शेजारच्या वाड्यातली, तुमच्याकडे शिवण शिकायला यायचे.”

खोडून काढणं ही दुसरी चूक. “हे अजून कसे आले नाहीत?” असं आई विचारायची. “अगं, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली,” हे उत्तर ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकत होती आणि दर वेळी नव्याने रडत होती. मी हे पाच-सहा वेळा केलं, त्याचं आजही वाईट वाटतं. आता म्हणते, “आठवण येतेय ना त्यांची? त्यांना आमटीत गूळ जास्त लागायचा ना?” मग ती बोलू लागते. खोटं सांगावंच लागत नाही.

तिन्हीसांजेला “मला घरी जायचंय” सुरू होतं, तेव्हाही “हेच तुझं घर” असं म्हणून काही साधत नाही. उजेड कमी झालेला असतो, सावल्या लांबलेल्या असतात, दिवसभराचा थकवा असतो. अंधार पडायच्या आधी दिवे लावा, पडदे ओढा, टीव्हीवरच्या बातम्यांचा गोंगाट बंद करा.

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान “राहू दे, तू बस” या प्रेमळ वाक्याने होतं. हातांना लागलेली सवय पुष्कळदा नावांपेक्षा जास्त काळ टिकते. मटार सोलणं, मेथी निवडणं, वाती वळणं ही कामं आईच्या हातून काढून घेतली तेव्हा ती दिवसभर साडीचा पदर चुरगाळत बसायची. कामं परत दिली आणि ते थांबलं. वाती वेड्यावाकड्या होतात. तिच्यासमोर त्या पुन्हा वळू नका.

जेवण मागे सारलं जात असेल तर आधी ताट बघा. पांढऱ्या ताटातला दहीभात या आजारात पुष्कळदा नीट दिसत नाही. गडद रंगाचं ताट घ्या आणि एका वेळी एकच पदार्थ वाढा. कवळी टोचते का तेही पाहा. आंघोळीला नकार असेल तर डोक्यावर एकदम तांब्या ओतू नका. पायांपासून सुरुवात करा, अंगावर पंचा राहू द्या. भीती आणि लाज दोन्ही कमी होतात.

एक-दोन दिवसांत एकाएकी बिघाड झाला तर “आजार वाढला” म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं किंवा नवं औषध यांपैकी काहीही असू शकतं. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो. डॉक्टरांना लगेच दाखवा आणि झोपेची गोळी मनाने देऊ नका. विसरभोळेपणा नुकता सुरू झाला असेल तर “वयच झालं” म्हणून सोडून न देता बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या; त्यांतला दोष उपचारांनी सुधारता येतो.

आणि हे सगळं एकट्या सुनेवर किंवा लेकीवर टाकू नका. मन फार थकलं तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. आमच्याकडे आता रविवार भावाचा असतो. आई कधी कधी त्याला स्वतःचा भाऊ समजते आणि माहेरची चौकशी करते. तो चूक काढत नाही, कापूस पुढे सरकवतो आणि ऐकत बसतो.